घराचा खडक

वाकवलेल्या चमच्याची कड एल्स्पाने खडकावर टेकवली आणि खालून वर ओढली. राखाडी पापुद्रा खरखरत सुटला आणि तिच्या ओच्यात पडला.

"हळू ग," मागून ओम्मा म्हणाली. "माशाची खवलं काढतेयस का? जिवंत आहे ते."

ओम्मा चर्चच्या भिंतीला टेकून दगडी ओट्यावर बसली होती. डोळ्यांना आता उजेड आणि अंधार एवढेच कळत असे, पण चमचा कुठे चालला आहे हे तिला आवाजावरून बरोबर समजे. तिच्या मनगटाला लोकरीची दोरी होती. तिचे दुसरे टोक एल्स्पाच्या मनगटाला. वारा असला की दोघी अशाच बाहेर पडत. बेटावर वारा नेहमीच असे.

"पुरे झालं, ओम्मा. अर्धा खडक झाला. अर्धा ठेवायचा ना?"

"या वेळी सगळा काढ."

"सगळा?"

"बहिरी झालीस का? सगळा म्हणजे सगळा. खालच्या भेगेतलं पण."

एल्स्पाने मान वर केली. तीस वर्षांत ओम्माने असे कधी सांगितले नव्हते. स्काल्वोयवर प्रत्येक घराचा एक खडक ठरलेला. त्यावरचे दगडफूल खरवडायचे, कुजवायचे आणि त्यातून निघणाऱ्या लाल-जांभळ्या रंगात लोकर बुडवायची. अर्धे काढायचे आणि अर्धे सोडायचे, हे एल्स्पाला इथे आल्याच्या पहिल्या वर्षीच शिकवले गेले होते. ओम्मा म्हातारी झाली, विसरायला लागली, असे म्हणून तिने चमचा भेगेत घातला.

एक जाड तुकडा निघाला. तिने तो नखाने मधोमध चिरला. वर राखाडी, खाली पांढरे आणि मध्ये बारीक हिरवी रेघ. जुन्या शिक्षिकेचा हात आपोआप पुढे झाला.

"बघ, ओम्मा. म्हणजे... असू दे. यात दोन जीव असतात. पांढरी ती बुरशी. मधलं हिरवं ते शेवाळ. शेवाळ उन्हावर अन्न शिजवतं, बुरशी त्याला चहूबाजूंनी वेढून घर देते."

"आणि शेवाळाला बाहेर पडायचं असलं तर?"

एल्स्पाचे बोट थांबले.

"पडता येत नाही."

"म्हणजे सासू-सून," ओम्मा म्हणाली आणि आपल्याच बोलण्यावर खोकला येईपर्यंत हसली.

एल्स्पाही हसली. दोरी ओढली गेली म्हणून तिने हात जरा जवळ घेतला.

एल्स्पा मूळची दक्षिणेकडच्या मोठ्या बेटावरची. इथल्या शाळेत जीवशास्त्र आणि बाकी सगळेच शिकवायला आली, ओम्माच्या मुलाशी, मिक्यालशी, लग्न केले आणि राहिली. शेवटचे मूल बोर्डिंगला गेले तेव्हा शाळेला कुलूप लागले. पुढे मिक्यालच्या छातीत पाणी झाले, आणि तो चर्चच्या मागे मेंढ्यांच्या कुंपणाजवळ जाऊन निजला. आता हिवाळ्यात तीन घरांतून धूर निघे. पाळक महिन्यातून एकदा येई, तेही समुद्राची मर्जी असली तर. उरलेल्या रविवारी उपासना चालवायची बेटाची जुनी रीत होती: वाचकाने छापील पुस्तकातले प्रवचन वाचायचे आणि कुणीतरी चाल उचलायची. वाचक एल्स्पा होती. चाल ओम्मा उचले.

त्या चर्चमध्ये वाजवायची पेटी नव्हती, कधीच नव्हती. जे काही होते ते गळ्यात. जुनी, लांब, संथ चाल. एकेका अक्षरावर तीन-चार वळणे, जणू बोट लाटेवर चढते आहे आणि उतरते आहे. ओम्माने पहिला सूर लावला की लाकडी भिंतींना कान फुटत. एल्स्पाने मागून झील धरायची. एकच नेम होता. दोघींनी एकदम श्वास घ्यायचा नाही. एकीने घेतला की दुसरीने सूर धरून ठेवायचा, पहिली परत येईपर्यंत. ओळ मध्येच तुटली तर देवापर्यंत पोचत नाही, वाटेत समुद्रात पडते, असे इथले लोक मानत.

म्हणून एल्स्पाला जाता येत नव्हते. खरे कारण तेच होते. जेवण, औषध, आंघोळ यांची सोय कुणीही केली असती. पण ओम्माच्या श्वासाच्या वेळी सूर कोण धरणार?

आणि तरीही एल्स्पाने जायचे ठरवले होते.

राजधानीत, हाव्नला, शाळांसाठी विज्ञानाच्या शब्दांचा कोश चालला होता. तिथल्या बिर्नाने तिला गेली दोन वर्षे घरबसल्या काम दिले होते, आणि आता कायमची जागा देऊ केली होती. टेबल, दिवा, खिडकीतून दिसणारी दुकाने, संध्याकाळी बोलायला माणसे. एल्स्पाने होकार कळवला होता. सोमवारच्या बोटीत एका पेटीला जागा आहे का, एवढे तिने बोटवाल्या साकारिसला सहज विचारल्यासारखे विचारून ठेवले होते. पेटी पलंगाखाली भरून तयार होती. फक्त ओम्माला सांगायचे राहिले होते. रोज सकाळी ती तोंड उघडे, आणि रोज ओम्मा म्हणे, "काय ग, चहा गार झाला का?"

ओम्माला घरी बसवून ती चमचा आणायला परतली, तर साकारिस तिच्या खडकासमोर उभा. दोन्ही हात खिशात. उघडा पडलेला खडक ओल्या धुक्यात काळा दिसत होता.

"साफ केलास की," तो म्हणाला.

"ओम्मा म्हणाली, सगळं काढ."

साकारिसने टोपी काढली आणि परत घातली. "मग झालं म्हणायचं बोलणं शेवटी. बरं झालं बाई. माझ्या तोंडाला नुसतं कुलूप होतं."

"कसलं बोलणं?"

"असं काय करतेस? घराचा खडक उगाच उघडा करतात का कुणी? घरातलं माणूस कायमचं निघालं की करतात. आपला रंग आपल्याबरोबर न्यायचा, मागं ठेवायचा नाही. माझ्या काकानं केलेला मी पाहिलाय. तुला नाही ठाऊक? मग इतकी वर्षं इथं केलंस काय, बटाटे सोललेस?" तो जायला वळला. "सोमवारी पेटीला जागा आहे. आधीच सांगितलंय मी. धुकं उठलं तर सकाळीच निघू."

एल्स्पा तिथेच उभी राहिली. बोटांच्या नखांत राखाडी भुकटी भरली होती.

म्हणजे ओम्माला कळले होते. कधी, कसे, कोण जाणे. आंधळ्या माणसाला पलंगाखालच्या पेटीचा वास येत असेल. आणि ती रडली नव्हती, टोचून बोलली नव्हती. तिने आपल्या तोंडाने सांगितले होते, सगळे काढ, घेऊन जा. रागाने मोकळे केले असते तर एल्स्पा मान ताठ ठेवून बोटीत बसली असती. या आशीर्वादाखालून निघायचे कसे?

घरात चुलीपाशी ओम्मा मातीच्या बरणीत भुकटी ढवळत होती. भुकटी ज्यात कुजवायची त्या गाईच्या शिळ्या मुताचा वास थेट डोळ्यांत जात होता. रंग उतरायला काही आठवडे हा मुक्काम. ओम्मा ढवळता ढवळता गुणगुणत होती आणि तिचा चेहरा उजळ होता. एल्स्पाला तो उजेड बघवेना. ती आतल्या खोलीत गेली आणि शनिवार म्हणून बिर्नाला घरच्या नंबरावर फोन लावला.

"मी येत नाही," ती म्हणाली.

"काय? नीट ऐकू येत नाही."

"येत नाही म्हणते. ओम्माला कळलंय."

"मग चांगलंच की! काय म्हणाली?"

"काही नाही. तेच तर."

पलीकडे बिर्नाने उसासा सोडला. "एल्स्पा, मी आत्ता काही ऐकलेलं नाही. लाइन खराब आहे. सोमवारी दुपारी मी फोन करीन, तेव्हा काय ते बोल. त्यानंतर मात्र जागा दुसऱ्याला जाईल, माझ्या हातात नाही ते. आणि तुझ्याकडचा तो एक शब्द राहिलाय. त्याचा अर्थ तरी पाठव. एका वाक्यात. मुलांना कळेल असा."

तो शब्द टेबलावरच्या कागदावर गेले दोन आठवडे पडून होता. दोन वेगळ्या जीवांनी मिळून जगणे. युरोपभर तो एकच शब्द वेगवेगळे कपडे घालून हिंडत होता. डॅनिश, नॉर्वेजियन, जर्मन, डच, फ्रेंच, सगळ्यांचा सिम्बिओज, ज्याच्या त्याच्या तोंडाप्रमाणे वळलेला. स्वीडिश लोकांनी त्याचे शेपूट कापले होते. फिन लोकांनी ओ लांबवून त्याला सिम्बिओओसी केले होते. आयरिश लोकांकडे तो शिंबोश होऊन आला होता, आणि इटालियनांकडे सिम्बिओझी. मूळ घरी, ग्रीकांकडे, तो प्रयोगशाळेतला नव्हताच. एका छपराखाली राहणाऱ्या नवराबायकोबद्दल लोक तोच शब्द वापरत. आइसलंडच्या लोकांनी तेवढा पाहुणा दारातून परत पाठवून 'बरोबर' आणि 'जगणे' हे घरचेच दोन शब्द जोडले होते. बिर्नाच्या मंडळींनाही तसाच घरचा शब्द हवा होता, सामलीव. तो ठरल्यासारखाच होता. अडले होते ते अर्थापाशी.

एल्स्पाने आधी लिहिले होते: दोन भिन्न जीवांचे कायम एकत्र राहणे, ज्यात दोघांचाही फायदा होतो.

तिने ते वाचले. खरे तर जुन्या अभ्यासकांचे यावर एकमत नव्हते. कुणी त्याला लग्न म्हटले होते. कुणी म्हटले होते, छे, बुरशीने शेवाळाला कोंडून वेठीला धरले आहे. भिंतीपलीकडे ओम्माचे गुणगुणणे चालू होते. एल्स्पाने कागद उलटा ठेवला.

रविवारी वारा पडला होता, धुके मात्र होते तसेच होते. दोरी तरीही बांधली, सवयीने. चर्चमध्ये मागच्या बाकावर दोन म्हातारे भाऊ नेहमीसारखे टोप्या मांडीवर ठेवून बसले. त्यांच्या पुढे साकारिस. त्याला मनापासून गावेसे वाटे, पण त्याचा गळा म्हणजे बोटीचे इंजिन. तो ओठच हलवे.

एल्स्पाने प्रवचन वाचले. बेटावर प्रवचन सपाट वाचत नाहीत, त्याला एक हेल असतो, वाक्याच्या शेवटी आवाज जरा वर उचलून ठेवायचा. तेवढे तिला येत होते. मग ती ओम्माजवळ येऊन बसली.

ओम्माने चाल उचलली. पहिले कडवे झाले. दुसऱ्याची पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर ओम्माने श्वास घेतला. एल्स्पाने सूर धरला आणि ती परत येण्याची वाट पाहू लागली.

ओम्मा परत आली नाही.

एल्स्पाने बाजूला पाहिले. ओम्मा हात मांडीवर ठेवून, मान किंचित वाकडी करून बसली होती. ओठ मिटलेले. एल्स्पाचा श्वास संपत आला. ओळ तुटणार, समुद्रात पडणार. तेव्हा मागे इंजिनाची घरघर सुरू झाली. साकारिसने, बिचाऱ्याने, जमेल तसा सूर धरला होता. एल्स्पाने घाईने श्वास घेतला आणि चाल उचलली. चौथी ओळ. वळणे आपोआप येत गेली, तिने कधी मुद्दाम पाठ न केलेली. तिसरे कडवे. चौथे. खिडकीच्या काचेवरून धुके सरकत होते आणि तिचा आवाज लाकडावर आपटून तिच्याचकडे परत येत होता, ओम्माच्या आवाजासारखा.

बाकी तिघे बाहेर गेल्यावर ओम्मा हलली.

"जमलं," ती म्हणाली. "केव्हाची वाट बघत होते मी. दर वेळी तिसऱ्या ओळीला तू माझ्याकडे कान लावायचीस."

"ओम्मा." एल्स्पाने तिचा हात धरला. "मी जात नाही. काल फोन करून सांगितलं मी."

"कुठं जात नाहीस?"

एल्स्पा तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. तिथे खोच नव्हती, टोमणा नव्हता. नुसता प्रश्न होता.

"पण... तूच मला खडक साफ करायला लावलास ना?"

"हो. मग? मी जातेय म्हणून!" ओम्माने दुसऱ्या हाताने तिच्या हातावर थाप मारली. "साकारिसनं सांगितलं नाही? त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, पण हे राहिलं बघ. तुला खडकावरून कळेल म्हटलं, पण तू पडलीस दक्षिणेची. अगं, क्लाक्स्विकला वृद्धांच्या घरात जागा आहे माझी. कधीची आहे. लहानपणी चर्चच्या दीक्षेच्या वर्गात माझ्याबरोबर होत्या त्यातल्या तिघी आहेत तिथं. रोज संध्याकाळी गातात म्हणे. तिघी, एल्स्पा! आणि मी इथं कुणाबरोबर गातेय? तू, मी आणि ते इंजिन."

"मग आधी का नाही गेलीस?"

"आणि तुला टाकू इथं? तुझं आहे कोण? मिक्याल त्या कुंपणापाशी झोपलाय, तो काय उठून सूर धरणार? मी गेले तर तू रविवारी नुसती वाचणार, मग चाल उचलायला कुणी नाही म्हणून पुस्तक मिटून घरी येऊन बसणार. या विचारानं मला दोन हिवाळे झोप नाही. जायचं म्हटलं की तुझा श्वास आठवायचा. पण आज जमलं तुला. सुटले ग बाई मी."

सुटले. हा शब्द एल्स्पाने गेले काही महिने मनातल्या मनात म्हणून पाहिला होता.

"पण तू काय म्हणत होतीस?" ओम्माने विचारले. "कुठं जात नाहीस?"

एल्स्पाने तोंड उघडले. खरे सांगितले तर काय होईल हे तिला स्पष्ट दिसत होते. ओम्मा पुन्हा त्या बाकावर बसली असती आणि उठली नसती. मुलाची कबर, दोन म्हातारे, साकारिस, यांना सुराशिवाय सोडून ती हलली नसती.

"हाव्नला," एल्स्पा म्हणाली. "कपाटाची बिजागरी आणायला. नंतर कधीतरी जाईन."

"जा की. दार सारखं करकरतं."

संध्याकाळी एल्स्पाने पलंगाखालची पेटी ओढली. आपले कपडे काढून कपाटात ठेवले आणि त्याच पेटीत ओम्माचे लोकरीचे झगे, मोजे, स्तोत्रांचे पुस्तक भरले. वाचता येत नसले तरी पुस्तक हवेच होते. मग ती टेबलाशी बसली, कागद सुलटा केला आणि 'ज्यात दोघांचाही' पासून पुढचे खोडले. उरले ते वाक्य छोटे होते. तिने ते तसेच पाकिटात घातले.

सोमवारी धुके उठायला दुपार झाली. साकारिसने पेटी बोटीत ठेवली आणि ओम्माच्या मांडीवरच्या बरणीकडे पाहून नाक दाबले.

"ते मडकं माझ्या बोटीत? क्लाक्स्विकच्या नर्सा तुला दारातूनच परत पाठवतील."

"तू बोट हाक. तुझ्या आमिषाला काय गुलाबाचा वास येतो?"

एल्स्पाने पाकीट साकारिसकडे दिले. मग वाकून ओम्माच्या मनगटाची दोरी सोडली. गाठ घट्ट बसली होती, तिला दातांनी सैल करावी लागली. ओम्माने तिचे तोंड दोन्ही हातांनी चाचपले, एखादी वस्तू नीट आहे ना ते बघावे तसे.

"रंग उतरला की तुला शाल पाठवीन," ती म्हणाली. "रविवारी घाल."

बोट धक्क्यापासून सुटली. पाण्याचा पट्टा हातभर झाला, मग घराएवढा. ओम्माने बोटीवरच्या केशरी तरंगत्या जाकिटातून मान वर काढली आणि चाल उचलली. कालचीच. इंजिनाच्या वरून तो आवाज स्वच्छ येत होता. धक्क्यावर उभ्या एल्स्पाने मागून झील धरली. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसऱ्या ओळीला ओम्माने श्वास घेतला आणि एल्स्पाने सूर धरला.

बोट भूशिराला वळसा घालत होती. इंजिनाचा आवाज कड्यावर आपटून दुप्पट झाला. ओम्मा परत सुरावर आली की नाही, ऐकू येईना. तिचे तोंड उघडे दिसत होते. गात होती की वाऱ्याने उघडे होते, इतक्या लांबून सांगता येत नव्हते.

मागे, वर घरात, फोन वाजू लागला.

एल्स्पाने सूर सोडला नाही.